दुसऱ्या ओळीतला तिसरा व्हॉल्व्ह

देवराव बारापात्र्यांच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवाला कुणीही हात लावावा, त्याबद्दल तक्रार नव्हती. पेटीतल्या व्हॉल्व्हला मात्र त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम लग्न झाल्यापासून चालत आला होता. तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत मागाशिवाय दुसऱ्या यंत्राचं कौतुक असायचं काही कारण नाही. त्यात कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्यानं माग सोडून काचेचे जुने फुगे गोळा करत बसावं, हे तर कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. गल्लीत त्यांना मागून 'बलबवाले' म्हणत. देवरावांना ते ऐकू येई. जन्मभर ज्यानं टॉकीजच्या केबिनमध्ये बसून आवाजातली बारीक खरखर पकडली, त्याला गल्लीतली कुजबुज ऐकू न यायला काय झालं?

सदरमधल्या एका टॉकीजात ते साउंड ऑपरेटर होते. पडद्यावर नट ओठ हलवतो, पण त्याचा आवाज मोठा होऊन बाहेर येतो तो केबिनमधल्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे, आणि त्या काळी अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे व्हॉल्व्ह. आतून हवा काढून घेतलेली काच, काचेत तारांची जाळी, खाली पितळी बूड आणि त्याला चार पाय. वीज दिली की आतली तार लालसर पेटे आणि काच इतकी तापे, की डिसेंबरात केबिनमधली माणसं तिच्याजवळ हात शेकत बसत. मग ट्रान्झिस्टर आले. चौऱ्याहत्तर साली मालकानं नवं यंत्र बसवलं आणि जुनं कबाडात काढलं. देवरावांनी त्यातले सगळे व्हॉल्व्ह धोतराच्या फडक्यात गुंडाळून सायकलवर घरी आणले. आणखी दोन वर्षांनी ते स्वतःही निवृत्त झाले, आणि त्यांना मात्र कुणी फडक्यात गुंडाळून नेलं नाही.

गोळा करण्याचा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. कन्हानच्या खाणीतला गोरा मॅनेजर देश सोडून गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातला बिघडलेला रेडिओ देवरावांनी मिळवला. कामठीच्या छावणीचं भंगार निघे तेव्हा हे सायकल मारत हजर. इतवारीतला कबाडी त्यांच्यासाठी एक डबा बाजूला ठेवी, आणि सदरमधले रेडिओ दुरुस्त करणारे नानाजी कुणाचा जुना सेट उघडला की यांना निरोप धाडत. असे करता करता शहाण्णव व्हॉल्व्ह झाले. लग्नाच्या वर्षी करून घेतलेली सागवानी पेटी भरली, आठ ओळी, ओळीत बारा खण. प्रत्येक व्हॉल्व्हच्या गळ्यात सुताच्या धाग्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नंबर, किती व्होल्टचा, कुठून आणला.

या शहाण्णवांत त्यांचा खरा जीव एकावरच होता. छत्तीस साली, अठराव्या वर्षी ते केबिनमध्ये कामाला लागले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी त्यांना यंत्रासमोर उभं केलं आणि डाव्या टोकाच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. फिल्मवरचा आवाज सगळ्यात आधी याच्यातून जातो, असं त्यानं सांगितलं. बाईचं रडणं असो की घोड्याच्या टापा, हा उचलतो आणि पुढच्यांच्या हाती देतो; याला सर्दी झाली तर सगळं थिएटर शिंकतं. टॉकीजात बोलणारं यंत्र बसलं त्या दिवसापासून तो तिथंच होता. देवरावांनी पाच वर्षं, रोज तीन खेळ, त्याचा उजेड पाहिला. दीड व्होल्टवर चालणारा जीव, उजेड तो केवढा? निरांजनातली वात विझत आल्यावर तिच्या टोकाला जेवढा लाल ठिपका उरतो, तेवढा. केबिनमधले इतर दिवे मालवले तरच तो दिसे. एक्केचाळीस साली ते यंत्र गेलं. उस्तादानं तो व्हॉल्व्ह काढून देवरावांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, याच्यात थोडा जीव उरला आहे, उगाच जाळू नको.

देवरावांनी ते इतकं मनावर घेतलं की त्यानंतर अडतीस वर्षं तो एकदाही लावला नाही. लोक सोनं पुरून ठेवतात, यांनी एवढासा उजेड पुरून ठेवला. कधीतरी लावू, चांगल्या मुहूर्तावर लावू, याची पुढची सोय झाली की लावू. तो लाल ठिपका मरण्याआधी पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायचा, याखेरीज त्यांनी आयुष्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. आणि जे पाहायचं तेच झाकून ठेवलं होतं. असली माणसं जगात असतात आणि त्यांना समजावण्यात अर्थ नसतो.

एकोणऐंशी साल उजाडेपर्यंत त्यांना काळजी लागली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. बायको कौसल्या हिला अक्षर येत नव्हतं. एकुलती मुलगी इंदू कोराडीला, वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत. तिथं गादी ठेवायला जागा नाही, तर पेटी कुठं ठेवणार? आपण डोळे मिटले की पेटी कबाड्याकडे जाणार आणि कबाडी पितळेसाठी एकेक काच जमिनीवर आपटून फोडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तसं होताना पाहिलंही होतं.

अशात मोहरील सर भेटले. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा भला माणूस. नानाजींच्या दुकानात आपला रेडिओ घेऊन आले होते, तिथं यांच्या पेटीची गोष्ट ऐकली आणि एके दिवशी स्कूटरवरून थेट तांडापेठेत आले. पेटी पाहून ते जमिनीवर बसले ते तासभर उठले नाहीत. म्हणाले, कॉलेजात प्रयोगशाळेबाहेर काचेचं कपाट रिकामं आहे, यांना तिथं ठेवू, वर पितळी पाटी लावू, देवराव बारापात्रे यांचा संग्रह. फक्त प्राचार्यांचं एक म्हणणं होतं. त्यांना कपाटात मेलेली काच नको होती. बोलपटाचा तो पहिला व्हॉल्व्ह अजून जिवंत आहे, तो पेटलेला मी स्वतः पाहिला, एवढं सरांनी लिहून द्यायचं, की कपाट यांचं. येत्या रविवारी येतो, असं सांगून ते गेले.

देवराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुःखानं न जेवणारी माणसं पुष्कळ. हे आनंदानं जेवले नाहीत. मुहूर्त म्हणतात तो हाच होता.

कौसल्याबाईंना हे सगळं नवीन होतं. छत्तीस वर्षं त्यांनी त्या पेटीला 'माही सवत' म्हटलं होतं, थोडं थट्टेनं, थोडं खरंच. आता कॉलेजातला साहेब सवतीला मागणी घालायला घरी येणार म्हटल्यावर त्यांचं मन पालटलं. आपला नवरा वेडा नाही, हे गल्लीला दिसणार होतं. त्याहून मोठं म्हणजे ते त्यांना स्वतःला दिसलं होतं. शनिवारी देवराव नानाजींकडून ट्रान्सफॉर्मर आणि मीटर आणायला सदरला गेले, तेव्हा त्यांनी पेटी अंगणात आणून उघडली. इंदू मदतीला म्हणून आदल्या दिवशीच कोराडीहून आली होती. दोघींनी पाहिलं, तर काचांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि केबिनमधलं काजळ. उद्या साहेब येणार आणि त्याला हे असलं दाखवायचं? हात लावायचा नाही हा नियम होता खरा, पण तो रोजच्या दिवसांसाठी. पाहुणे यायचे म्हणजे घर सारवावंच लागतं.

हात का लावायचा नाही, हे मात्र देवरावांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं. नियम करणारे लोक कारण सांगायला नेमके विसरतात. कारण अगदी साधं होतं. जुन्या व्हॉल्व्हवरचा नंबर काचेवर नुसता शाईनं छापलेला असतो, आणि ओलं फडकं फिरलं की तो निघून जातो.

कौसल्याबाईंनी रेशमी लुगडी धुवायला करतात तसं रिठ्याचं पाणी केलं. एकेक व्हॉल्व्ह काढायचा, गळ्यातली चिठ्ठी सोडायची, हलक्या हातानं धुवायचा, उन्हात चादरीवर मांडायचा. चिठ्ठ्या मिसळायच्या नाहीत एवढं भान त्यांना होतं, आणि मिसळतील कशा? मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा काढण्यात या बाईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. दोन हजार धागे अंथरले तरी एक दुसऱ्यावर चढलेला सापडायचा नाही. त्यांनी चिठ्ठ्या सोडल्या त्या क्रमानं सुईनं एका दोऱ्यात ओवत नेल्या, आणि व्हॉल्व्हही त्याच क्रमानं चादरीवर मांडत नेले.

मांडले ते ताण्यासारखे. ताणा काढताना दोन टोकांना खुंट्या असतात. बाई धागा घेऊन या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत जाते, वळसा घालते, आणि तोच धागा घेऊन उलट परत येते. रिकाम्या हातानं परत येणं कोष्ट्याच्या बाईला माहीतच नाही. पहिली ओळ त्यांनी डावीकडून उजवीकडे मांडली. बारावा व्हॉल्व्ह ठेवला तिथंच वळल्या, तेरावा त्याच्या खाली ठेवला, आणि दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे आली. तिसरी पुन्हा डावीकडून, चौथी पुन्हा उजवीकडून. यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. हात चाळीस वर्षं तसाच चालत आला होता.

मग नळ आला. तांडापेठेत नळ आला की हातातलं काम टाकून उठावं लागतं. व्हॉल्व्ह वाळले होते, म्हणून उरलेलं काम त्यांनी लेकीला सांगितलं: गाठीच्या टोकापासून, म्हणजे पहिलीपासून, एकेक चिठ्ठी काढ आणि ओळीनं बांधत जा. इंदू सातवी शिकलेली. ओळीनं म्हणजे पुस्तकात असते तशी, पहिली डावीकडून, दुसरीही डावीकडून, सगळ्याच डावीकडून. तिनं शहाण्णव गाठी नीट मारल्या आणि तशाच ओळी पेटीत भरल्या. आई पाणी भरून आली तेव्हा पेटी बंद झाली होती.

संध्याकाळी देवराव आले आणि त्यांनी झाकण उघडलं. काचा लखलखत होत्या. त्यांनी एक उचलून डोळ्यांशी नेला, दुसरा नेला, तिसरा नेला. नंबर कुठंच नव्हते. ते भिंतीला टेकले. समोर कौसल्याबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे देवरावांनी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. रागावायला तोंड उघडलं होतं ते त्यांनी मिटलं आणि फक्त चिठ्ठ्यांचं विचारलं.

"एकबी इकडची तिकडं नाही," त्या म्हणाल्या. "ताण्यावानी ओवून ठेवल्या होत्या."

देवरावांना तो ताणा ठाऊक होता. तरी त्यांनी भिंग काढलं. आतली जाळी आणि तार पाहून ते बहुतेक व्हॉल्व्ह ओळखत, मोतीबिंदू असला तरी, उजेड चांगला हवा आणि वेळ हवा. पहिल्या ओळीतले बाराच्या बारा त्यांनी पारखले. बाराही बरोबर निघाले. दुसऱ्या ओळीतला पहिला काढायला त्यांनी हात घातला, तेवढ्यात कौसल्याबाई हळू आवाजात बोलल्या.

"पारखून राहिले का जी? माह्यावर भरोसा नाही?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पेटी लावली. आणखी एक ओळ, पंधरा मिनिटांचं काम. पण बाईनं जन्मात पहिल्यांदा त्यांच्या कामाला हात लावला होता आणि तिच्या देखत तिची परीक्षा घेणं त्यांच्या जिवावर आलं. नंबर गेले तर गेले, चिठ्ठ्या आहेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भरोसा आहे म्हणाले.

रविवारी मोहरील सर सकाळी दहाला आले. कौसल्याबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली होती, पोहे केले होते, दाराला पडदा लावून अंधार केला होता. शेजारच्या दोन बायका उगाचच साखर मागून गेल्या. सरांनी लखलखीत काचा पाहिल्या आणि क्षणभर त्यांच्या भुवया वर गेल्या. नंबर गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. देवरावांनी ट्रान्सफॉर्मर मांडला. त्याला चार खुंट्या होत्या, दीड, अडीच, पाच आणि साडेसात व्होल्ट, शेजारी मीटर, समोर चार भोकांचं सॉकेट.

दुसरी ओळ सारख्या दिसणाऱ्यांची होती, ती त्यांनी मुद्दाम तशी लावली होती. आकार तोच, पितळी बूड तेच, फरक काय तो आत आणि व्होल्टमध्ये. डावीकडून तिसरा उस्तादाचा. उजवीकडून तिसरा इतवारीच्या कबाड्याकडचा, पाच व्होल्टचा, अगदीच साधा. तसे नानाजींच्या खोक्यात आणखी चार सापडले असते. उस्तादाचा लावण्याआधी यंत्र नीट चालतं का ते पाहायला त्यांनी हा साधा निवडला. गेला तरी वाईट वाटायचं नाही असा तोच एक होता. चिठ्ठी वाचून खात्री केली, सॉकेटमध्ये बसवला, तार पाच व्होल्टच्या खुंटीला लावली आणि बटण दाबताना सरांना म्हणाले की उसना ट्रान्सफॉर्मर आहे, काटा कसा चढतो ते पाहायला हवं. त्यांची नजर मीटरवर होती.

काटा झपकन चढला आणि परत पडला. ओसरीभर एकदम पांढरा उजेड झाला आणि विझला. कौसल्याबाई "लागला" म्हणाल्या. इंदूनं डोळे झाकले. सर म्हणाले, "अरे, गेला वाटतं."

देवरावांनी मीटरवरून मान उचलली तोवर काच काळवंडली होती. ते हसले. तो साधाच होता, जुना माल आहे, एखादा असा जातोच, असं त्यांनी सरांना सांगितलं आणि तो काढून ताटलीत ठेवला. यंत्र चालतं हे तरी कळलं. मग त्यांनी तार दीड व्होल्टच्या खुंटीवर नेली, धोतराला हात पुसले आणि डावीकडून तिसरा उचलला. चिठ्ठी होती ती त्याचीच. तो सॉकेटमध्ये बसवला. अडतीस वर्षं. त्यांनी बटण दाबलं आणि या वेळी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही, डोळे काचेवर लावून बसले.

काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांनी डोकं आणखी खाली नेलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. लाल ठिपका आला नाही. तापायला वेळ लागतो, ते स्वतःशीच म्हणाले, आणि तेच पुन्हा म्हणाले. मग त्यांनी बटण बंद केलं, व्हॉल्व्ह काढला आणि पडदा सारून उजेडात धरला.

उस्तादाच्या व्हॉल्व्हमध्ये जाळीला धरणारी एक तार थोडी वाकलेली होती. ती त्यांना पाठ होती, डोळे मिटूनही दिसे. या व्हॉल्व्हमधली तार सरळ होती. त्यांनी तो खाली ठेवला आणि ताटलीतला काळवंडलेला उचलला. काजळीतून आतलं दिसत नव्हतं, पण बुडाजवळ काच बोटभर स्वच्छ राहिली होती. तिथून त्यांनी पाहिलं. तार वाकलेली होती.

दीड व्होल्टच्या जिवाला त्यांनी स्वतःच्या हातानं पाच व्होल्ट दिले होते.

सरांनी काय झालं म्हणून विचारलं, पुन्हा विचारलं, तरी देवराव काळी काच हातात धरून दारात उभेच राहिले. कौसल्याबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा पेटीकडे पाहत होत्या. डावीकडून तिसरा आणि उजवीकडून तिसरा. त्या पेटीजवळ बसल्या, दुसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. आणि लेकीकडे वळल्या.

"इंदू, दुसरी ओळ कुठून धरली होती वं तू?"

"डावीकडून," इंदू म्हणाली. "काहून?"

कौसल्याबाईंनी बोट ओळीवरून उचललं. त्यांना कळलं होतं.

सरांना देवरावांनी तेव्हा सांगितलं, अगदी थोड्या शब्दांत, चिठ्ठ्या उलट्या झाल्या, गेला तो हाच. कुणामुळे झाल्या ते सांगितलं नाही. सर भला माणूस, त्यांना फार वाईट वाटलं. धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "तसं पाहिलं तर मी तो पेटलेला पाहिलाच की, देवरावजी. तसं लिहूनही देतो." देवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना आपण काय बोलून गेलो ते समजलं आणि ते पोहे तसेच ठेवून उठले. बाकीच्यांचं बघू, प्राचार्यांशी बोलतो, असं जाताना म्हणाले. बोललेही असतील. कॉलेजातून नंतर काही कागद आला नाही. त्या कपाटात क्रीडास्पर्धेच्या ढाली लागल्या असं पुढं नानाजींकडून कळलं.

स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर देवराव आत येऊन सतरंजीवर बसले. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या मनात बायकोबद्दल माया नव्हती. हिचे हात धरून ओरडावं, विचारावं की एवढी वर्षं हात लावला नाहीस तर काल काहून लावलास, असं त्यांच्या घशापर्यंत आलं होतं. त्याच्या मागोमाग आलं ते याहून वाईट. काल संध्याकाळी आणखी एक ओळ पारखली असती तर. उस्तादाचं न ऐकता आधीच कधीतरी एकदा लावला असता तर. अडतीस वर्षांत एखाद्या दुपारी, नुसता पाच मिनिटं. त्यांनी तो इतका जपला होता की त्याचा उपयोग फक्त हरवण्यापुरता उरला. आपलं आयुष्य फुकट गेलं असं माणसं सहज बोलतात. देवरावांना ते तेव्हा नुसतं वाटलं नाही, पटलं.

स्वयंपाकघरात इंदू रडत होती. कौसल्याबाई रडत नव्हत्या. त्यांनी पेटी पुढ्यात ओढली होती आणि दुसऱ्या ओळीतल्या चिठ्ठ्या एकेक करून सोडत होत्या. पहिली बाराव्याला, दुसरी अकराव्याला. अक्षर येत नसताना त्यांनी ती ओळ सुलटी केली, न चुकता. उस्तादाच्या व्हॉल्व्हची चिठ्ठी त्यांनी काळ्या काचेच्या गळ्यात बांधली आणि तो त्याच्या खणात ठेवला.

"मीच मारलं त्याले," त्या म्हणाल्या.

देवराव नाही म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नाही नव्हतं, आणि तेही दोघांना ऐकू आलं. शेवटी देवरावांनीच विचारलं. आपण हे विचारू असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तू पाहून राहिली होती ना? मी मीटरकडे पाहत होतो. कसा दिसला?"

कौसल्याबाईंचे हात थांबले. आठवून, जपून, एक शब्द इकडचा तिकडं होऊ न देता त्या सांगू लागल्या.

"पांढरा जी. एकदम पांढरा. सगळी ओसरी दिसली, पार कोपऱ्यातलं जाळं दिसलं. डोळे दिपले माहे. मले वाटलं, एवढ्यासाठीच तुमी त्याले इतके वर्षं जपलं असन." आणि मग, त्याच आवाजात, "टॉकीजात बी असाच राहे ना तो?"

देवरावांच्या डोळ्यांपुढं तो लाल ठिपका आला. अंधाऱ्या केबिनमध्ये डाव्या टोकाला, एवढासा. तो उस्तादानं पाहिला होता, त्यांनी पाहिला होता, आणि उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली होती. ही बाई सांगत होती तो त्याचा उजेड नव्हता, ते त्याचं मरण होतं. पण तिच्याजवळ सांगायला तेवढंच होतं, आणि ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"हो," ते म्हणाले. "असाच राहे."

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि चौथ्या ओळीची पहिली गाठ सोडायला घेतली.